रोग कळला, औषध कधी?

1950च्या दशकाची अखेर. फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पीटर नोवेल हे तरुण पॅथॉलॉजिस्ट रक्ताच्या कर्करोगाच्या पेशी काचपट्टीवर वाढवून तपासत होते. रंग देण्याआधी त्यांनी त्या साध्या नळाच्या पाण्याने धुतल्या. पाण्याने पेशी फुगल्या, एकमेकांत गुंतलेली गुणसूत्रं सुटी झाली आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजता येईल इतकी स्पष्ट दिसू लागली. गुणसूत्रं हा नोवेल यांचा विषय नव्हता. म्हणून त्यांनी शहरातल्याच एका कर्करोग संशोधन संस्थेतल्या डेव्हिड हंगरफोर्ड या विद्यार्थ्याला बरोबर घेतलं. 1960 मध्ये दोघांनी जाहीर केलं, की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा ठळकपणे आखूड असतं. एखाद्या कर्करोगाशी सातत्याने जोडलेला गुणसूत्रांमधला दोष पहिल्यांदाच डोळ्यांना दिसला होता. शहरावरून त्याला ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ हे नाव पडलं.

या दोषावरची गोळी रुग्णांना मिळू लागली ती 2001 मध्ये. मधली 41 वर्षं वाया गेली नव्हती. शिकागोच्या जॅनेट रॉली यांनी 1973 मध्ये दाखवून दिलं, की आखूड दिसणाऱ्या गुणसूत्राचा तुकडा हरवलेला नाही. 9 आणि 22 क्रमांकाच्या गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. त्या अदलाबदलीतून एक जोडजनुक तयार होतं आणि त्यापासून बनणारं एन्झाइम पेशीला अखंड वाढत राहायला लावतं, हे 1980च्या दशकात उमगलं. मग ऑरेगनचे डॉ. ब्रायन ड्रुकर आणि औषधकंपनीतले संशोधक यांनी त्या एन्झाइमला रोखणारा रेणू रुग्णांपर्यंत नेला. त्याचं नाव इमॅटिनिब. काही वर्षांत जीव घेणारा हा आजार रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला.

आजाराचं मूळ सापडल्याची बातमी छापून येते आणि ज्यांच्या घरात तो आजार आहे ते लोक डॉक्टरांना विचारतात, मग औषध कधी? हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि ‘अजून संशोधन चालू आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण होऊ नये. कारण समजणं आणि उपचार मिळणं यांच्यामध्ये नेमकं काय घडतं, वेळ कुठे जातो, तो कशाने वाचतो, हे तपासता येतं. त्यासाठी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

अमेरिकेतलं पहिलं वैद्यकीय महाविद्यालय 1765 मध्ये इथेच सुरू झालं. विद्यापीठाचं रुग्णालय, प्रयोगशाळा आणि पशुवैद्यक महाविद्यालय एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. 1855 मध्ये स्थापन झालेलं फिलाडेल्फियाचं बालरुग्णालयही शेजारीच आहे. गेल्या 25-30 वर्षांत इथल्या गटांनी एम-आरएनए लसींचा पाया घातला, टी-पेशींना कर्करोगावर सोडलं, अंध मुलांना दृष्टी दिली. एका तरुणाचा जीव गेला तोही इथल्याच चाचणीत.

आठ वर्षं एकाच अडथळ्याशी

कॅटालिन कारिको हंगेरीहून 1985 मध्ये अमेरिकेत आल्या आणि 1989 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, म्हणजे ‘पेन’मध्ये, रुजू झाल्या. त्यांची कल्पना सरळ होती. शरीरातली पेशी एम-आरएनए वाचून प्रथिनं बनवते. मग हवं ते प्रथिन बनवण्याचा आरएनए बाहेरून दिला, तर पेशीच औषध तयार करील. अडचण अशी, की बाहेरून दिलेला आरएनए पेशींना विषाणूसारखा वाटे आणि दाह उसळे. अनुदानाचे अर्ज फेटाळले गेले. 1995 मध्ये विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणलं.

1997 च्या सुमारास झेरॉक्स यंत्रापाशी त्यांची ड्रू वाइसमन यांच्याशी ओळख झाली. वाइसमन हे प्रतिकारशक्तीचे अभ्यासक. त्यांना एचआयव्हीवर लस हवी होती. कारिको यांना रेणू बनवता येत होता, वाइसमन यांना त्यावरची प्रतिक्रिया मोजता येत होती. दोघांनी आरएनएचे निरनिराळे प्रकार पेशींवर घालून पाहिले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट ध्यानात आली. पेशीत अमिनो आम्लं वाहून नेणारा आरएनए दाह उठवत नव्हता. त्याच्यात अनेक घटक रासायनिकदृष्ट्या बदललेले असतात. मग प्रयोगशाळेत आरएनए बनवताना युरिडिनच्या जागी स्यूडोयुरिडिन घातलं, तर? तसं केल्यावर पेशी शांत राहिल्या. पुढे असंही दिसलं, की अशा आरएनएपासून प्रथिनंही जास्त तयार होतात.

हा शोध 2005 मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा त्याचा फारसा गवगवा झाला नाही. पंधरा वर्षांनी करोनाची साथ आली आणि विषाणूची जनुकीय रचना हाती आल्यापासून वर्षभरात लस दंडात टोचली जाऊ लागली. ‘इतक्या लवकर लस कशी?’ ही शंका तेव्हा महाराष्ट्रातही घराघरांत बोलली गेली. त्याचं उत्तर त्या आठ वर्षांत आहे. साथ यायच्या आधीच यंत्रणेतली सर्वांत अवघड गाठ सुटलेली होती. 2023 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल दोघांना मिळालं. मात्र कारिको यांना पुढच्या कामासाठी 2013 मध्येच जर्मनीच्या बायोएनटेक कंपनीत जावं लागलं होतं. विद्यापीठात गट टिकला तर शोध लागतो, हे जितकं खरं तितकंच तो गट टिकवण्यात विद्यापीठं कमी पडतात हेही खरं.

सप्टेंबर 1999

जनुकीय उपचारांचा इतिहास जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या मुलाला वगळून लिहिता येत नाही. त्याला ओटीसी या यकृतातल्या एन्झाइमची कमतरता होती. अन्नातल्या प्रथिनांपासून तयार होणारा अमोनिया यकृतात युरियात बदलतो आणि बाहेर टाकला जातो. या आजारात ती साखळी तुटलेली असते आणि अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. जेसीचा आजार सौम्य होता, पथ्य आणि औषधं यांवर तो बरा राहत होता. तीव्र आजार घेऊन जन्मणाऱ्या बाळांना उपयोग व्हावा, म्हणून तो पेनच्या चाचणीत सामील झाला. योग्य जनुक वाहून नेणारा अॅडेनोविषाणू 13 सप्टेंबरला त्याच्या शरीरात सोडण्यात आला. त्याच्या प्रतिकारयंत्रणेने विषाणूविरुद्ध प्रचंड उठाव केला, एकेक अवयव निकामी होत गेले आणि 17 सप्टेंबरला तो गेला.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी केली. उपचाराच्या दिवशी जेसीची अमोनियाची पातळी नियमात बसत नव्हती. आधीच्या स्वयंसेवकांना झालेला त्रास वेळेवर कळवला गेला नव्हता. माकडांवरच्या प्रयोगांतले मृत्यू संमतिपत्रात नमूद नव्हते. गटाचे प्रमुख जेम्स विल्सन यांचा संबंधित कंपनीत आर्थिक हितसंबंधही होता. विल्सन यांच्या संस्थेच्या मानवी चाचण्या थांबवण्यात आल्या आणि सगळं क्षेत्रच कित्येक वर्षं थिजलं. संशोधन लांबतं म्हणून हळहळताना ही बाजू विसरता कामा नये: या प्रवासातला काही वेळ माणसाचा जीव जपण्यासाठीच खर्च व्हायला हवा असतो, आणि जेसीच्या बाबतीत तो खर्च केला गेला नाही.

पुढे काय झालं, तेही तितक्याच गंभीरपणे नोंदवायला हवं. विल्सन यांची प्रयोगशाळा वाहकाच्या मूळ प्रश्नाकडे परतली. प्रतिकारयंत्रणेला इतकं न डिवचणारा विषाणू कोणता? 2000 नंतरच्या काही वर्षांत या गटाने एएव्ही या छोट्या विषाणूचे नवे प्रकार शोधून काढले. त्यांतला एएव्ही-9 मज्जासंस्थेपर्यंत पोहोचू शकतो. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, म्हणजे एसएमए, या आजारावरचं झोल्जेन्स्मा हे औषध त्याच वाहकावर उभं आहे.

डोळ्याचं काम जास्त सुरळीत झालं. आरपीई-65 या जनुकातल्या दोषाने मुलं जन्मापासून जवळजवळ अंध असतात. हाच दोष ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांत आढळतो. पेनच्या जीन बेनेट आणि त्यांचे पती, नेत्रशल्यविशारद अल्बर्ट मॅग्वायर, यांनी कॉर्नेल आणि फ्लोरिडा विद्यापीठांतल्या सहकाऱ्यांसह अशा कुत्र्यांच्या डोळ्यांत जनुक सोडलं. त्यांतला लान्सलॉट नावाचा कुत्रा वस्तूंना न धडकता वावरू लागला. 2007 मध्ये बालरुग्णालयात माणसांवर चाचणी सुरू झाली आणि 2017 च्या डिसेंबरात लक्स्टर्ना या नावाने उपचाराला मान्यता मिळाली. डोळा लहान, बंदिस्त आणि प्रतिकारयंत्रणेपासून बराचसा सुरक्षित. अवयवाची निवड योग्य झाली की वर्षं वाचतात, हे त्यातून दिसलं.

ताप उतरला तो कशाने

टी-पेशी हे आपल्या रक्तातले प्रतिकारक. कर्करोगाच्या पेशी आपल्याच शरीरातल्या असल्याने त्यांना त्या ओळखू येत नाहीत. टी-पेशीला प्रयोगशाळेत बनवलेला नवा ग्राहक (रिसेप्टर) चिकटवून ती ओळख शिकवता येईल, ही कल्पना इस्रायलच्या झेलिग एश्हार यांची. कार्ल जून 1999 मध्ये पेनमध्ये आले, ते टी-पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं कसब घेऊन. त्याआधी अमेरिकी नौदलात असताना त्यांनी एचआयव्हीवर काम केलं होतं. निर्बल केलेल्या त्याच विषाणूचा वाहक पुढे या ग्राहकाचं जनुक टी-पेशीत नेण्यासाठी उपयोगी पडला. 2001 मध्ये त्यांच्या पत्नीचा अंडाशयाच्या कर्करोगाने मृत्यू झाला.

2010 मध्ये तीन प्रौढ रुग्णांवर उपचार झाले आणि त्यांतल्या दोघांचा ल्युकेमिया पूर्ण नाहीसा झाला. सरकारी अनुदान मिळत नव्हतं. घरातला माणूस कर्करोगाने गमावलेल्या एका कुटुंबाने स्थापन केलेल्या निधीतून काम पुढे गेलं होतं. 2011 मध्ये अवघ्या तीन रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि मग सगळ्यांचं लक्ष वळलं.

एप्रिल 2012. बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला तिच्याच बदललेल्या टी-पेशी चढवण्यात आल्या. तिचा अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया किमोथेरपी देऊनही दोनदा उलटला होता. काही दिवसांत तिला प्रचंड ताप चढला, रक्तदाब कोसळला, व्हेंटिलेटर लावावा लागला. तिच्या रक्ताची तपासणी झाली तेव्हा इंटरल्यूकिन-6 या प्रथिनाची पातळी नेहमीच्या सुमारे हजार पट निघाली. त्या प्रथिनाला अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध संधिवातासाठी वापरलं जातं, हे जून यांना माहीत होतं, कारण त्यांच्या मुलीला बालवयातला संधिवात होता. औषध दिल्यावर काही तासांत एमिलीचा ताप उतरू लागला. सातव्या वाढदिवशी ती शुद्धीवर आली. पुढच्या तपासणीत कर्करोगाचा मागमूस नव्हता.

या प्रसंगातला योगायोग सगळ्यांना भावतो, पण त्यामागची तयारी अधिक मोलाची आहे. गंभीर अवस्थेतल्या मुलीच्या रक्तातली प्रथिनं तातडीने मोजू शकणारी प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर होती आणि त्या आकड्याचा अर्थ लावणारी माणसं त्याच गटात होती. उपचाराचा दुष्परिणाम हीसुद्धा एक यंत्रणा असते आणि ती कळली तरच उपचार देण्याजोगा होतो. ऑगस्ट 2017 मध्ये किमराया या नावाने या उपचाराला अमेरिकेत मान्यता मिळाली. 2010 मधल्या दोन रुग्णांच्या शरीरात त्या टी-पेशी दहा वर्षांनंतरही शाबूत असल्याचं 2022 मध्ये प्रसिद्ध झालं.

कळूनही न सुटलेलं

याच आवारात व्हर्जिनिया ली आणि जॉन ट्रोजनोव्स्की या दांपत्याने मेंदूच्या आजारांचा पाठपुरावा केला. मृत रुग्णांच्या कुटुंबांनी दान केलेले मेंदू त्यांनी वर्षानुवर्षं जतन केले. अल्झायमरच्या गुंत्यांमधलं मुख्य प्रथिन म्हणजे टाउचंच बदललेलं रूप, हे त्यांच्या गटाने 1991 मध्ये दाखवलं. पार्किन्सनच्या रुग्णांच्या मेंदूत साचणारं अल्फा-सिन्युक्लिन 1997 मध्ये ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांसह ओळखलं. 2006 मध्ये टीडीपी-43 हे प्रथिन हाती लागलं; एएलएस आणि विशिष्ट प्रकारचा स्मृतिभ्रंश यांचा धागा त्याने जुळला. ट्रोजनोव्स्की 2022 मध्ये निवर्तले.

मेंदूच्या आजारांमधली तीन दोषी प्रथिनं ओळखण्यात एकाच गटाचा वाटा असावा, ही असामान्य कामगिरी आहे. तरीही या प्रथिनांना आवरून रुग्णाला पूर्ववत करणारं औषध आज उपलब्ध नाही. कारण रक्ताच्या पेशी सुईने काढता येतात; जिवंत माणसाच्या मेंदूचा तुकडा तपासायला सहजासहजी काढता येत नाही. रक्तातून मेंदूत जाणारी वाट बहुतेक औषधांना बंद असते. शिवाय लक्षणं दिसतात तोवर चेतापेशींची हानी खूप आधी सुरू झालेली असते. त्यामुळे ‘कारण सापडलं’ हे वाक्य ल्युकेमियाबद्दल आणि अल्झायमरबद्दल एकाच अर्थाने वाचू नये.

सहा महिन्यांचं औषध

ऑगस्ट 2024 मध्ये जन्मलेल्या केजे या बाळाला सीपीएस-1 एन्झाइमची कमतरता होती. जेसीच्या आजाराचंच हे भावंड. युरियाच्या साखळीतली अलीकडची कडी तुटलेली. तीव्र आजारात निम्मी बाळं जगत नाहीत. बालरुग्णालयाच्या डॉ. रेबेका आरेन्स-निकलस आणि पेनचे किरण मुसुनुरू यांनी त्याच्या जनुकातली नेमकी चूक पाहिली आणि फक्त त्याच्यासाठी औषध घडवलं. लेखनिकाने ओळीतलं एकच चुकलेलं अक्षर खोडून नीट करावं, तसं हे क्रिस्पर तंत्राने जनुकातलं अक्षर बदलणं. ते करणाऱ्या प्रथिनाची कृती एम-आरएनएच्या रूपात, चरबीच्या सूक्ष्म कणांत घालून, शिरेतून यकृताकडे पाठवली. पेशी, उंदीर आणि माकडं यांच्यावरच्या चाचण्या आणि प्रशासनाची परवानगी हे सगळं सुमारे सहा महिन्यांत उरकलं. फेब्रुवारी 2025 मध्ये अगदी लहान मात्रा दिली, मग ती वाढवली. केजेला आहारातली जास्त प्रथिनं पचू लागली, अमोनियाच्या औषधाची मात्रा कमी करता आली आणि जूनमध्ये तो घरी गेला. त्याला पूर्ण बरं म्हणण्याआधी त्याच्यावर अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागेल.

41 वर्षांवरून सहा महिने, हा हिशेब मात्र फसवा आहे. केजेच्या औषधामागे कारिको-वाइसमन यांचा दाह टाळणारा आरएनए आहे, लसींनी कोट्यवधी लोकांत पारखलेले चरबीचे कण आहेत, क्रिस्परवरचं जगभरचं काम आहे आणि जेसीच्या मृत्यूनंतर कडक झालेले नियम आहेत. वेळ वाचला तो आधीच्या गटांनी खर्च केलेल्या वेळामुळे.

खर्च कोणाच्या आवाक्यातला?

एवढं झाल्यावरही रुग्णाचा प्रश्न संपत नाही. किमरायाची सुरुवातीची किंमत 4 लाख 75 हजार डॉलर होती, लक्स्टर्नाची दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख आणि झोल्जेन्स्माची 21 लाख 25 हजार. 2021 मध्ये एसएमए असलेल्या मुंबईतल्या एका बाळासाठी सुमारे 16 कोटी रुपये लोकवर्गणीतून उभे राहिले आणि केंद्र सरकारने आयात कर माफ केला. तेव्हा अनोळखी माणसांनी दाखवलेला कळवळा मोठाच होता. पण प्रत्येक बाळाच्या वाट्याला अशी वर्गणी येत नाही, आणि उपचार कोणाला मिळावा हे समाजमाध्यमांवरच्या आवाहनाने ठरणं हे वैद्यकाचं अपयशच मानायला हवं.

भारताने यावर दोन मार्गांनी उत्तर शोधलं आहे. पहिला मार्ग कायद्याचा. फिलाडेल्फिया गुणसूत्रावरच्या त्या गोळीच्या पेटंटचा नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी फेटाळला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता. देशी कंपन्यांची तीच गोळी काही हजारांत मिळत राहिली.

दुसरा मार्ग स्वतःचा गट उभारण्याचा. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने टी-पेशींचा नवा ग्राहक रचला आणि टाटा मेमोरियलच्या डॉ. गौरव नरुला, डॉ. हसमुख जैन यांच्या चमूने तो रुग्णांपर्यंत नेला. 4 जून 2021 रोजी टाटा मेमोरियलच्याच खारघरमधल्या अॅक्ट्रेक केंद्रात देशातल्या पहिल्या रुग्णावर हा उपचार झाला. ऑक्टोबर 2023 मध्ये नेक्सकार-19 या नावाने त्याला मान्यता मिळाली. चाचण्यांत सुमारे 73 टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. सुरुवातीची किंमत साधारण 30 ते 40 लाख रुपये, म्हणजे अमेरिकेच्या जवळपास दहावा हिस्सा. मराठवाड्यातल्या शेतकरी कुटुंबाला हीसुद्धा रक्कम परवडणारी नाही; तरी आता ती सरकारी योजना आणि विश्वस्त निधी यांच्या विचाराच्या कक्षेत आली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया-ए च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकीय उपचाराचे निष्कर्षही डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाले; उपचारानंतर त्यांच्यापैकी कोणालाही रक्तस्रावाचा त्रास झाला नाही.

फिलाडेल्फियात जी जवळीक कामाला आली, ती महाराष्ट्रात नाही असं म्हणता येणार नाही. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच रक्तविकारांवरची राष्ट्रीय संस्था आहे. पुण्यात पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आणि आयसर आहेत. शासकीय रुग्णालयांतल्या बाह्यरुग्ण विभागांत दुर्मीळ आजारांची मुलं रोज येतात. कमतरता आहे ती मुदतीची. आपल्याकडे संशोधनाची बरीच अनुदानं तीन वर्षांची असतात, तर वर उल्लेखलेल्या जवळजवळ प्रत्येक कामाला दहा ते तीस वर्षं लागली. डॉक्टरला वॉर्डातून प्रयोगशाळेसाठी आठवड्यातले दोन दिवस मोकळे मिळावेत, रुग्णांचे नमुने आणि नोंदी नीट जतन व्हाव्यात, आणि चांगलं काम करणाऱ्या गटाला पहिल्या अपयशानंतरही दहा वर्षांची हमी असावी, या तीन गोष्टी राज्य आणि केंद्र सरकार येत्या अर्थसंकल्पापासूनही सुरू करू शकतात.